टेबलावरचा शेवटचा बोर्ड

बंद पडलेला लॅपटॉप घेऊन कुणी जिना चढून वर आलं, की भाऊसाहेब आधी लॅपटॉपला हात लावत नसत. माणसाला स्टुलावर बसवत, पाणी देत, त्याचा दम जिरला की विचारत, "गेला तेव्हा खोलीत कोण कोण होतं?"

नवखा माणूस दचकत असे. आपण चुकून भलत्याच ठिकाणी आलो की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर उमटे. पण प्रश्नांतून सुटका नव्हती. कोण होतं, पंखा चालू होता का, जाण्याआधी पंख्याचा आवाज वाढला का, दिवे जास्त उजळले का, वास आला का, आला तर पहिल्यांदा कुणाला आला. भाऊसाहेबांचं म्हणणं साधं होतं. "डॉक्टर रोग्याला विचारतो. माझा रोगी बोलत नाही. मग मी कुणाला विचारू, चार्जरला?"

आणि माणसं खोटं बोलत. जगातला प्रत्येक लॅपटॉप, मालकाच्या मते, स्वतःहूनच बंद पडतो. "कुछ नहीं किया भौसाब, अपने आप बंद हो गया." भाऊसाहेब वाद घालत नसत. मागचं झाकण उघडून आतला मदरबोर्ड नाकाशी धरत, डोळे मिटत आणि म्हणत, "चाय में अदरक ज़्यादा डालते हैं आप." समोरचा हात जोडी. यात निम्मं कसब होतं आणि निम्मी थाप. ज्या घरात लॅपटॉपवर कधी चहा सांडला नाही असं घर ग्वाल्हेरात सापडणं कठीण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुकान पाटणकर बाजारात, एका गजकवाल्याच्या डोक्यावर होतं. हिवाळा लागला की खाली गजकेसाठी तीळ भाजायला सुरुवात होई, गुळाचा पाक चढे, आणि तो खमंग वास जिन्यातून वर येऊन भाऊसाहेबांचं निदान बंद पाडी. जळका बोर्ड हुंगला तरी गजकच. "नाक रिकामं होऊ द्या," म्हणून ते गिऱ्हाइकाला बसवून ठेवत. दुपारी भट्टी थंडावली की गजकवाले खालून ओरडत, "सूँघ लो भौसाब, भट्टी बंद है!" मग काम सुरू.

हे सगळं मी भूतकाळात लिहितो आहे म्हणून कुणी गैरसमज करून घेऊ नये. भाऊसाहेब आहेत. पुण्याला आहेत, मुलाकडे. पण पाटणकर बाजारातून जाताना मान वर होते, बंद खिडकी दिसते, आणि आपोआप भूतकाळ सुरू होतो. त्याला माझा इलाज नाही.

भाऊसाहेब मूळचे काही मिस्त्री नव्हेत. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. तिथल्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन एका मंत्र्याच्या हस्ते ठरलं. प्रयोगशाळा होती, उपकरणं नव्हती. प्राचार्यांनी दुसऱ्या एका कॉलेजातून टेम्पोभर उपकरणं एका दिवसापुरती मागून आणली आणि टेबलांवर मांडली. फीत कापून झाल्यावर मंत्र्यांनी एका चकचकीत यंत्राकडे बोट दाखवून प्रेमानं विचारलं, "यह क्या काम आता है?" भाऊसाहेब म्हणाले, "जी, यह शाम को वापस जाने के काम आता है." त्यानंतर त्यांना कॉलेजात फार काळ करमलं नाही, आणि कॉलेजालाही नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन त्यांनी ही वरची खोली घेतली. तिला नाव दिलं नाही, पाटी लावली नाही. "पाटी लावली की माणूस पाटीसारखा वागायला लागतो," म्हणत. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते दोनदा स्वतःच्या नावावर खपवलं आहे.

आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींमध्ये पाट्यांची हौस मोठी. कुणाचे पूर्वज घोड्यावरून आले, कुणाचे पालखीतून. पायी आलेला पूर्वज कुणालाच नाही. अशाच एका घरच्या सरदारसाहेबांचा लॅपटॉप बंद पडला. त्यांनी तो नोकराबरोबर पाठवला. भाऊसाहेबांनी नोकराला पाणी दिलं आणि विचारलं, "गेला तेव्हा तू खोलीत होतास?" तो म्हणाला, "नहीं, मैं तो बगीचे में था." भाऊसाहेबांनी लॅपटॉप परत पिशवीत घातला. "फिर जो था, उसको भेज."

सरदारसाहेब काही दिवस रुसून बसले. शेवटी मोटारीतून आले, पाटणकर बाजारात गाडी शिरेना म्हणून चालत आले, आणि तो अरुंद जिना एका बाजूला कलून चढले. वर मी होतो, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. स्टुलावर बसून त्यांना सगळ्यांसमोर जबाब द्यावा लागला. पंखा चालू होता. वास आला. पहिल्यांदा वहिनीसाहेबांना आला.

"आणि आपण तेव्हा काय करून राहिला होतात?" भाऊसाहेबांनी विचारलं.

सरदारसाहेबांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही भिंतीकडे पाहिलं.

"रमी," ते म्हणाले.

"बराच वेळ?"

"हो. बराच."

"म्हणजे तापलेला होता," भाऊसाहेब म्हणाले, आणि अतिशय आदरानं लॅपटॉप उघडायला घेतला. रमीबद्दल पुढं एक शब्द नाही. त्यांना माणसाची फजिती करायची नसे, फक्त खरं ऐकायचं असे. ते ऐकलं की त्यांचा राग निवे आणि हात चालू होत.

ते हात बघण्यासारखे होते. बोर्डात कुठं तरी वीज आतल्या आत भिडते आहे, शॉर्ट आहे, असा संशय आला की ते बोर्डावर स्पिरिट पसरत आणि अगदी थोडी, चमचाभर म्हणावी इतकी वीज सोडत. मग दोघं वाट बघत, ते आणि बोर्ड. जिथला भाग बिघडलेला असेल तो आधी तापे आणि तिथलं स्पिरिट आधी उडे. ओल्या हिरव्या पाटीवर राईएवढा कोरडा ठिपका दिसे. खात्रीसाठी ते त्यावर बोट टेकवत, आणि तेही अनामिका. देवाला गंध लावायचं बोट. बाकीची बोटं सोल्डरिंगनं भाजून भाजून बधिर झाली होती; ऊन-गार कळायला तेवढं एकच उरलं होतं. दुरून पाहणाऱ्याला वाटे, म्हातारा मदरबोर्डाला गंध लावून राहिला आहे.

ते चुकतही, आणि चुकले की थाटात चुकत. एका विद्यार्थिनीच्या लॅपटॉपचा त्यांनी दुपारभर तपास केला, डाव्या कोपऱ्यातल्या एका चिपेवर आरोप ठेवला, तिचा स्वभाव, तिचं कूळ आम्हाला समजावून सांगितलं. मुलगी घाबरत म्हणाली, "अंकल, ये स्क्रीन का उजाला कम तो नहीं है?" तिनं एक कळ दाबली आणि सगळं लख्ख दिसू लागलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो. भाऊसाहेब शांतपणे म्हणाले, "तेच म्हणून राहिलो होतो मी. तो खचलेला होता."

दुरुस्त झालेल्या लॅपटॉपला ते कधी 'ठीक झाला' म्हणत नसत. "सध्या बरा आहे," एवढंच. त्याहून मोठं आश्वासन मी त्यांच्या तोंडून कुणालाच दिलेलं ऐकलं नाही.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्याकडे डोकावायचं, ही सवय कधी लागली ते आठवत नाही. ते मला 'प्राध्यापक महाराज' म्हणत. त्यातला 'महाराज' मला उद्देशून होता आणि 'प्राध्यापक' माझ्या पगाराला. चहा येई. आम्ही मराठीत बोलत असू, आणि आता वाटतं, तेच मुख्य होतं. घरी माझी मुलं मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात. कॉलेजात मराठीचा संबंध नाही. मराठी मंडळात मराठी बोलतात, पण ती माइकसमोर. साधी, कामाविना, पाय हलवत बोललेली मराठी मला त्या वरच्या खोलीतच मिळे. तीही आमची ग्वाल्हेरची: सब्जी, चाबी, 'येऊन राहिलो', 'जाऊन राहिलो' असलेली. भाऊसाहेबांची पत्नी साताऱ्याची. ती असेपर्यंत त्यांचं प्रत्येक वाक्य हसून दुरुस्त करी. ती गेल्यावर ते म्हणाले होते, "आता मी काय वाटेल ते बोलू शकतो. मजा नाही येत."

महाराष्ट्रात ते कधी राहिले नव्हते. लग्नाकार्याला गेले असतील तेवढेच. त्यामुळे महाराष्ट्राविषयी त्यांचं प्रेम अगदी निर्मळ होतं. दिवाळी अंकांतल्या जाहिराती ते मन लावून वाचत. "पुण्यात म्हणे रिक्षावालासुद्धा मराठीत भांडतो. काय सुख असेल!" पण मुलगा पुण्याला नोकरीला लागून, घर घेऊन, 'बाबा, या' म्हणू लागला, तेव्हा त्यांना तिथलं पाणी जड वाटू लागलं. मग हवा दमट वाटू लागली. मग म्हणाले, "तिथं लाइटच जात नाही. मी काय करू?"

हे कारण मात्र खरं होतं. आमच्याकडे ती अडचण नाही.

जूनमधल्या एका दुपारी जयेंद्रगंजातल्या आमच्या गल्लीच्या खांबावर न्यूट्रलची तार तुटली. न्यूट्रल म्हणजे काय ते भाऊसाहेबांनी मला नंतर समजावलं: शेजारच्या घरांनी वीज समजुतीनं वाटून घ्यायची, ती समजूत त्या एका तारेत असते. ती तुटली की एका घरात दिवे मिणमिणतात आणि पलीकडच्या घरात नको इतकी वीज घुसते. "एकत्र कुटुंबातली म्हातारी गेल्यासारखं," ते म्हणाले. आमच्या घरातला पंखा एकाएकी हेलिकॉप्टरसारखा गरगरू लागला. बायको म्हणाली, "अहो, आज हवा काय छान येऊन राहिली आहे." एवढं तिचं बोलून होतंय तोवर फ्रिज, टीव्ही आणि चार्जिंगला लावलेला माझा लॅपटॉप एका दमात गेले.

दुसऱ्या दिवशी आमची सगळी गल्ली भाऊसाहेबांच्या जिन्यावर. प्रत्येकाच्या हातात काही ना काही. त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी एका मरणाला एक साक्षीदार. इथं पन्नास माणसांनी एकच प्रसंग पाहिलेला. त्यांनी सगळ्यांना ओळीनं जिन्यावर बसवलं आणि एकत्र जबाब घेतला. कुणाकडे दिवे उजळले, कुणाकडे मंदावले, कुणाकडे आधी. शेजारच्या शर्माबाई माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "हमारी बिजली इन्हीं के घर घुसी थी, भौसाब. इनसे वसूल कराओ." भाऊसाहेब म्हणाले, "बहनजी, देखिए, इनका सब जल गया. सज़ा मिल चुकी."

संध्याकाळपर्यंत त्यांचं लांबलचक टेबल बोर्डांनी भरून गेलं. त्यात माझाही एक होता.

माझा लॅपटॉप नव्या पद्धतीचा, पापडासारखा. जुन्या लॅपटॉपमधली माहितीची डिस्क काढून दुसऱ्यात लावता येते. माझ्यात ती बोर्डावरच कायमची चिकटवलेली. बोर्ड जिवंत झाला तरच आतलं हाती लागणार. आणि आत होती मराठी मंडळाची स्मरणिका. मंडळाचा मोठा वर्धापनदिन वसंत पंचमीला व्हायचा होता, मी संपादक होतो, आणि गावातल्या झाडून सगळ्या मान्यवरांचे लेख त्यांच्या फोटोंसकट त्या पापडात अडकले होते. कुणीही आपल्या लेखाची दुसरी प्रत ठेवली नव्हती, मी तर नाहीच. मंडळाचे अध्यक्ष मला रोज फोन करू लागले. त्यांचा लेख सर्वांत लांब होता.

श्रावणात भाऊसाहेब पहाटे न्हाणीघरात घसरून पडले. घरात कुणी नाही. दूधवाला आला, त्यानं बराच वेळ कडी वाजवली, मग भिंतीवरून आत उडी टाकली. मोडलं काही नव्हतं, पण कंबर धरली आणि उठता येत नव्हतं. मुलगा विमानानं आला. गणपती होईपर्यंत राहिला. बापलेकांची खोलीचं दार लावून बोलणी झाली, आणि ठरलं ते भाऊसाहेबांनीच मला सांगितलं: नवं काम घ्यायचं नाही. टेबलावर आहेत तेवढे बोर्ड संपवायचे. टेबल रिकामं झालं की पुणे.

"कबूल केलंत?" मी विचारलं.

"केलं. पोरगं रडून राहिलं होतं," ते म्हणाले आणि मीटरच्या वायरी उलगडू लागले.

भाऊसाहेब शब्दाचे पक्के. खरोखर त्यांनी नवा लॅपटॉप घेतला नाही. लोक जिना चढून येत, पाणी पिऊन परत जात. टेबल हळूहळू मोकळं होत गेलं. शर्माबाईंचा बोर्ड गेला, कोपऱ्यावरच्या वकिलांचा गेला. नवरात्रात टेबलाचं लाकूड दिसू लागलं. दिवाळीनंतर त्या लांबलचक टेबलावर एकच बोर्ड उरला. माझा.

तो काही केल्या बरा होईना. एका संध्याकाळी गेलो तर म्हणाले, शॉर्ट सापडला, पण त्याच्या मागं दुसरा दिसतो आहे. पुढं कळलं, चार्जिंगचा भाग तर बरा झाला, आता त्याचं डोकं धरलं आहे. मग एक सुटा भाग दिल्लीहून यायचा होता. तो आला तो चुकीचा आला. मी रोज जात होतो, चहा पीत होतो, उठत होतो. बायको म्हणाली, "लॅपटॉप आहे का लेक आहे ती? रोज सासरी बघायला जाता." अध्यक्ष म्हणाले, "अहो, नया बाज़ारात एकाहून एक दुकानं आहेत. द्या ना दुसरीकडे!" मी म्हटलं, या अवस्थेत रोग्याला हलवता येत नाही.

डिसेंबरात एकदा कॉलेजला अर्धा दिवस सुट्टी मिळाली आणि मी दुपारीच पाटणकर बाजारात पोचलो. खालची भट्टी थंड होती. जिना अर्धा चढलो तर वरून भाऊसाहेबांचा आवाज. कुणाशी तरी भांडत होते.

"खोटं!" ते म्हणाले. मग थोडं शांत. मग, वाचून दाखवल्यासारखं, "'आमच्या खापरपणजोबांनी या प्रांताच्या कारभाराची धुरा वाहिली.' अहो, धुरा कुठली? कचेरीत दौती भरायचे ते. माझ्या आजोबांनी सांगितलंय मला." मग ते मनापासून हसले.

दार अर्धं उघडं होतं. टेबलावर माझा लॅपटॉप उभा होता, पडदा उजळलेला. त्यावर अध्यक्षांचा लेख, कोपऱ्यात अध्यक्षांचा फेट्यातला फोटो. भाऊसाहेब चष्मा कपाळावर चढवून, चहाचा पेला हातात धरून, एका एका वाक्याचा समाचार घेत होते. पासवर्ड मीच त्यांना दिला होता.

मी पाऊल न वाजवता खाली उतरलो आणि गजकवाल्यांच्या बाकावर जाऊन बसलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि गजकेचा एक तुकडा पुढं केला.

"सुन आए?" ते म्हणाले.

"कब से चल रहा है?"

"दिवाली से. रोज़ दोपहर को." त्यांनी वर बघितलं. "आपकी संस्था में लोग बढ़िया लिखते हैं. बहुत हँसते हैं भौसाब."

तिळाचा वास होता, रस्त्यावरून माणसं चालली होती. वरून पुन्हा एकदा "खोटं!" ऐकू आलं. गजकवाले म्हणाले, "चले जाएँगे तो ऊपर कौन बोलेगा?" मी गजकेचा तुकडा तोंडात टाकला. थोड्या वेळानं मी उठलो, जिन्याच्या पायथ्याशी जोरात खोकलो, आणि प्रत्येक पायरीवर पाय आपटत वर गेलो. लॅपटॉप टेबलावर पालथा पडला होता, पोट उघडं. भाऊसाहेबांनी अनामिका बोर्डावर टेकवली होती.

"या, प्राध्यापक महाराज. नाही हो. आजही काही बोलत नाही हा."

"बरं," मी म्हटलं. "घाई नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती, आणि त्या दिवशी त्यांनी ते ऐकून घेतलं. मग दोघांनी चहा प्यायला.

पुढचा महिनाभर मी सुखात होतो, हे लिहून ठेवायला हवं. अध्यक्षांना रोज नवी थाप. भाऊसाहेबांकडे रोज संध्याकाळ. आमच्या गप्पांत जरा जास्तच रंग येऊ लागला. गावातल्या कुणाच्या पूर्वजांचा विषय निघाला की भाऊसाहेबांना त्याची आश्चर्यकारक माहिती असे, आणि ती त्यांना कुठून मिळते हे मी कधी विचारलं नाही. संपूर्ण अंक वाचून, त्यावर इतक्या पोटतिडकीनं भांडणारा वाचक कुठल्या स्मरणिकेला लाभला असेल?

संक्रांतीला मुलगा आला. मला त्यानं खाली गजकेच्या दुकानाशीच गाठलं. लहानपणी मी त्याला इतिहास शिकवलेला. आता त्याची कानशिलं पिकली होती.

"काका, एक विचारू? तुमचा लॅपटॉप खरंच एवढा अवघड आहे का?"

गजकवाल्यांनी अचानक वजनाचा काटा पुसायला घेतला.

"का रे?"

"बाबा म्हणतात, तो झाला की निघू. मी चार महिने तिकीट काढतो आणि रद्द करतो." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "काका, त्यांनी फोन उचलला नाही ना, की मी ऑफिसातून दूधवाल्याला फोन लावतो. मीटिंगमध्ये बसून. 'भैया, आज दूध लिया उन्होंने? हाथ से लिया?' माझ्या ऑफिसात लोकांना वाटतं माझा डेअरीचा जोडधंदा आहे." तो हसला, पण ते फार टिकलं नाही. "मागच्या आठवड्यात पुन्हा पडलेत ते. तुम्हाला बोलले?"

नव्हते बोलले. रोज संध्याकाळी समोर बसत होते, कुणाच्या पालखीचे भोई किती होते ते सांगत होते, आणि हे बोलले नव्हते.

मी वर गेलो. स्टुलावर बसलो.

"भाऊसाहेब, स्मरणिका छापायला द्यायची आहे."

"अध्यक्षांनी दम दिला?"

"नाही. मलाच हवी आहे."

"तिच्यात वाचण्यासारखं आहे काय?"

"काहीच नाही."

"मग?"

खालून मुलाचा आवाज येत होता. तो गजकवाल्यांकडून पुण्यासाठी गजक बांधून घेत होता. भाऊसाहेबांनी तो ऐकला. त्यांनी मीटरची एक वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"पोरगं भेटलं वाटतं."

"हो."

"दूधवाल्याचं तोंड बंद ठेवायला हवं होतं," ते म्हणाले. मग बोर्डाकडे बघून, "आजची रात्र राहू द्या त्याला. घाईत दिलेलं काम टिकत नाही."

"राहू द्या," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पुसून, पिशवीत घालून तयार होता. त्यांनी चालू करून दाखवला. एका क्षणात पडदा उजळला. आम्ही दोघांनीही आश्चर्य दाखवलं नाही. "सध्या बरा आहे," ते म्हणाले. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामं होतं, आणि ते इतकं मोठं आहे हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं.

स्मरणिका निघाली. वर्धापनदिनाला अध्यक्ष फेटा बांधून बोलले. प्रत्येकानं आपापला फोटो नीट आला आहे का ते बघितलं आणि अंक मिटला.

भाऊसाहेबांना पुणं मानवलं, असं मुलगा सांगतो. पाय घसरू नये अशा फरशा बसवल्या आहेत, सून चांगली आहे, नातू मराठी शाळेत जातो. पहिल्या फोनवर भाऊसाहेब मात्र वेगळंच बोलले. "प्राध्यापक महाराज, मी भाजीवाल्याला विचारलं, भाऊ, ही सब्जी काय भाव देऊन राहिला? तर तो माझ्याशी हिंदीत बोलायला लागला. रिक्षावाला पण हिंदीत. सोसायटीतले पण. सगळी जिंदगी मराठी सांभाळली मी, आणि इथं आल्यावर मला कुणी मराठीत उत्तर देत नाही." ते हसत होते. मग विचारलं, "तो कसा आहे?"

लॅपटॉप ठणठणीत होता. आजही आहे. मेला कुरकुरसुद्धा करत नाही. इतकं चोख काम त्यांनी करायला नको होतं. पण फोनवर ते 'कसा आहे' म्हणून थांबले, आणि त्या थांबण्यात मला ते रिकामं टेबल दिसलं. मी म्हटलं, "भाऊसाहेब, जरा तापतो हो."

"कुठल्या बाजूला?" त्यांचा आवाजच बदलला.

तेव्हापासून दर रविवारी मी फोन करतो. तापतो. मधेच अंधारतो. चार्जर लावला की बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येतो. पंखा कण्हतो. भाऊसाहेब सगळं ऐकून घेतात, उलटसुलट प्रश्न विचारतात, एखाद्या चिपेवर आरोप ठेवतात, तिचं कूळ सांगतात, आणि बोलता बोलता आम्ही कुठून कुठं जातो. बायको स्वयंपाकघरातून ऐकते आणि म्हणते, चांगल्या वस्तूला अशी नाट लावू नये.

गेल्या रविवारी माझ्या डोक्यात दुसरंच काही होतं. फोन लावला, ख्यालीखुशाली झाली, त्यांनी विचारलं, आणि मी म्हणालो, "पुन्हा तीच शीळ, भाऊसाहेब. चार्जर लावला की."

पलीकडे पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"शीळ तुम्ही मागच्या महिन्यात सांगितली होती," ते म्हणाले. "दुसरं काही सांगा."

मी दुसरं सांगितलं.